काका, तुमच्या त्या उचललेल्या हातासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. ‘त्यात काय एवढं’ म्हणाल. पण आमच्या कोर्टावरच्या लघुपटाची संहिता घेऊन, नोकरीभर कोर्टात टंकलेखन केलेल्या तुमच्याकडे येण्याआधी ज्या जाणकारांकडे गेलो, त्यांनी जे केलं ते पाहिल्यावर हे आभार जाहीरच मानायला हवेत.

एक वकीलसाहेब. सल्ल्याची फी आधी घेतली आणि तासभर आपण जिंकलेले खटले ऐकवले. आमची पानं टेबलावर, पानांवर त्यांचा चहाचा कप. दुसरे पटकथेच्या कार्यशाळेतले गुरुजी. त्यांना हातोडा हवा होता, गीतेवरची शपथ हवी होती आणि शेवटच्या तारखेला दार ढकलून आत येणारा साक्षीदार हवा होता. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, शपथ ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर होते, त्याला ग्रंथ लागत नाही, हे तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत, तेही हसत हसत सांगितलंत. फी विचारली तर काकूंनी पोहे पुढे केले.

पण आभार त्या माहितीचे नाहीत. माहिती कुठेही मिळाली असती.

तुमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरी साक्षीचा प्रसंग वाचत होतो. साक्षीदाराचं काम करणारी आमची मुलगी रंगात आली होती. नवऱ्याला कसं मारलं, पोरगं कसं रडत होतं, सगळं एका दमात सांगत होती. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हात वर केलात, तळवा तिच्याकडे. म्हणालात, “सावकाश, बाळ. लिहायचंय.”

ती हुंदक्याच्या मध्येच थांबली. मग न्यायाधीश साक्ष ऐकून टंकलेखकाला सांगतात तशा सपाट आवाजात तुम्ही मजकूर सांगितलात: “आरोपीने माझ्या पतीस मारहाण केली. त्यावेळी माझा मुलगा तेथे हजर होता.” संपलं. पुढे उलटतपासणी. तिथे तर विरुद्ध बाजूच्या वकिलाचा प्रश्न बहुतेक वेळा कागदावर येतच नाही, नुसतं तिचं उत्तर उरतं: “हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.” बाईचं अख्खं रडणं एका ओळीत बसलं, आणि वरच्या कोर्टात जाणार ती हीच ओळ. गुरुजी ज्याला ‘संघर्ष वाढवा’ म्हणत होते, तो इथे आयता होता. त्यांना तो ऐकू आला नव्हता, एवढंच.

त्यानंतर तुमच्याच आग्रहाने जुने-नवे सिनेमे पुन्हा पाहिले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहताना तुम्ही चक्क खूश होऊन मान डोलावत होतात, कारण त्यात न्यायाधीश साक्ष ऐकतात आणि लगेच टंकलेखकाला सांगतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईंचं प्रकरण पुढे ढकललं जातं. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. त्या वाईट नाहीत, त्यांची नोकरी आहे ती. म्हणून तर जास्त भीती वाटते.

‘अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) तुम्हाला जरा लांबला असं वाटलं, १६० मिनिटं. पण त्यातले न्यायाधीश म्हणजे जोसेफ वेल्च, खरेखुरे वकील, हे कळल्यावर तुम्ही ‘तरीच’ म्हणालात. आरोपी खरं बोलतोय की नाही याचा निकाल सिनेमा देत नाही, हे मला फार आवडलं. तुम्हाला मुळीच नाही. भांडण अजून बाकी आहे.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये (१९५७) मात्र तुम्ही भलतंच पकडलंत. ज्युरीतला, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या बारा सामान्य नागरिकांतला, एक माणूस स्वतः बाहेर जाऊन तसाच चाकू विकत घेतो आणि खोलीत आणून टेबलात खुपसतो! खऱ्या खटल्यात असला परस्पर आणलेला पुरावा चालत नाही. मला वाटलं, आता हा सिनेमा बाद. तर तुम्ही म्हणालात, असू दे, खोलीतली माणसं खरी आहेत. घाम खरा आहे, मॅचला उशीर होतोय म्हणून एखाद्याच्या जिवाचा फैसला उरकणारा तर अगदी खरा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट कॅमेरा हळूहळू खाली आणत गेला, भिंगं बदलत गेला, म्हणून खोली आक्रसल्यासारखी वाटते, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, “जुन्या कोर्टात पंखा बंद पडला की भिंगं न बदलता व्हायचं ते.”

काकूंनी नंतर सांगितलं, तो हात तुम्ही नोकरीभर असाच वर करायचात. घाबरलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला, वकील अंगावर येऊ लागला, की टंकलेखकाचा हात वर. लिहायचं तर असायचंच, पण त्या निमित्ताने समोरच्याला श्वास घ्यायला मिळायचा. असं कुणी कचेरीत असलं की सामान्य माणूस निभावतो. मोठ्या पदावरची माणसं हे करत नाहीत असं नाही, पण त्यांच्याकडे बहुधा वेळ नसतो.

आता एक विनंती. टंकलेखकाच्या भूमिकेला नट मिळत नाहीये. जो येतो तो कीबोर्डवर पेटी वाजवल्यासारखी बोटं नाचवतो. ‘मला कॅमेऱ्यासमोर जमायचं नाही’ हे तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे, मान्य केलेलं नाही. मानधन देता येणार नाही, मामलेदारची मिसळ नक्की. रविवारपर्यंत कळवा.

तुमचा,
संहितावाला