पक्या, टर्बो लावतोय पण मोठं इंजिन नाही

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मागे लेथ चालू होतं म्हणून अर्ध्या शिव्या ऐकूच आल्या नाहीत, पण मुद्दा पोचला. एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या हवेने थंड होणारं इंजिन आधीच तापट, त्याला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर जास्तीची हवा कोंबणारा पंप, म्हणजे आगीत तेल, त्यापेक्षा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) वाढव आणि मोकळा हो, असंच ना? फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आधी गाडी काय आहे ते ऐक. आपल्याकडे बग्गी म्हटलं की घोडा आठवतो, ही ड्यून बग्गी, वाळूत पळवायची उघडी गाडी. इथे कॅलिफोर्नियात माझ्या रिव्हरसाइडहून तासाभरावर न्यूपोर्ट बीच आहे, तिथे ब्रूस मायर्स नावाच्या माणसाने 1964 ला पहिली मायर्स मँक्स नावाची बग्गी उभी केली. पुढे फोक्सवॅगन बीटलची चासी सव्वाचौदा इंच कापून आखूड करायची आणि वर फायबरचं टब म्हणजे बॉडी ठेवायची, झाली गाडी, असा त्याचा किट निघाला. त्याच्या त्या पहिल्या लाल गाडीने 1967 ला ला पाझ ते तिहुआना हे मेक्सिकोतल्या बाहाचं सगळं खडकाळ अंतर 34 तास 45 मिनिटांत कापलं आणि मग काय, जो तो बग्गी बनवायला लागला. कॉपी करणाऱ्यांवर बिचाऱ्याने केस केली तीही हरला. माझं टब अशाच कुठल्यातरी कॉपीवाल्याचं आहे, मँक्स नाही, उगाच गावभर सांगू नकोस. खाली चासी 1966 ची, आणि कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, लागत नाही, म्हणून तर हे सगळे धंदे रस्त्यावर चालतात.

आता इंजिन. बीटलचंच 1600 ड्युअल पोर्ट, बोअर 85.5 मिलिमीटर, स्ट्रोक 69, आडवे चार सिलिंडर, कंपनीच्या मोजणीने 60 हॉर्सपॉवर. तू म्हणतोस तसं 82 स्ट्रोकचा क्रँक आणि 94 बोअरचे बॅरल (सिलिंडर) टाकले की 2276 सीसी होतं, इथे निम्मे लोक तेच करतात. पण त्या इंजिनाला मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), जास्त कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते), दोन मोठे कार्बोरेटर, सिग्नलला उभं राहिलं की थडथड, आणि पंखा तोच जुना. मला गाडी रोज दुकानापर्यंत न्यायची आहे रे. मी 69 चा स्ट्रोकच ठेवलाय, फक्त काउंटरवेट असलेला क्रँक आणि 90.5 चे बॅरल, म्हणजे 1776. त्याच भोकात 92 चे पण बसतात, पण भिंत पातळ होते, आणि पातळ भिंतीचा बॅरल तापला की गोल राहत नाही हे तुला मी काय सांगू. साडेसहाशे किलोच्या गाडीला सव्वाशे हॉर्सपॉवर मिळाली तरी डोक्यावरून पाणी. आणि टर्बोची ती जास्तीची उष्णता पाय दाबला तरच येणार, एरवी ते आपलं गरीब लहान इंजिन. इथल्या रस्त्यावर असा पाय दाबायला मिळतो किती वेळ, चार-पाच सेकंद, मग समोर कुणीतरी असतंच.

आणि एअर कूल्डला टर्बो चालत नाही हे तुला कुणी सांगितलं? शेवरलेने 1962 लाच कॉर्वेअरच्या एअर कूल्ड सहा सिलिंडरला टर्बो लावून 150 हॉर्सपॉवर काढली होती, तीही वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, नसताना. पोर्शची 930 आली 1975 ला, तीन लिटर, 260 हॉर्सपॉवर, आणि कॉम्प्रेशन फक्त 6.5. हा आकडा बघ. जर्मन लोकांनी कॉम्प्रेशन इतकं खाली का ठेवलं असेल? सगळी मेख तिथे आहे, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, किती यापेक्षा उष्णता कुठे साठते आणि कुठून बाहेर जाते एवढंच बघायचं असतं.

तुझ्यासाठी हिशेब मांडतो. उन्हाळ्यात इथे 40 डिग्री असतं. ती हवा टर्बोने 8 पीएसआयला दाबली आणि टर्बो 70 टक्के एफिशियन्ट धरला, तर बाहेर पडताना ती जवळपास 100 डिग्रीची होते. आता ही उकळती हवा सिलिंडरमध्ये जाऊन परत दाबली जाणार, आणि पेट्रोल इथे प्रीमियम म्हणजे 91 ऑक्टेन, आपल्या मोजणीत साधारण 95-96. मग नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकणं, होणारच, आणि पंख्याच्या आवाजात ते ऐकू पण येत नाही, कळतं ते पिस्टन फुटल्यावर. म्हणून कॉम्प्रेशन 7.8 च्या आसपास ठेवलंय. हेडच्या चेंबरमध्ये ब्युरेटने (मापाच्या नळीने) तेल सोडून मोजलं, 55 सीसी, डेक, म्हणजे पिस्टनच्या वर उरणारी जागा, दीड मिलिमीटर म्हणजे अजून साडेनऊ-पावणेदहा सीसी, कर बेरीज आणि बघ जुळतंय का. बूस्ट सात-आठच्या वर नेणार नाही, पाण्या-मिथेनॉलचा बारीक फवारा देणार, आणि कार्बोरेटर काढून इंजेक्शन, कारण बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिक्श्चर 11.5 ते 12 ला धरून ठेवायचं आणि टायमिंग मागे घ्यायचं हे काम कॉम्प्युटरचंच. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर सध्या नाही, इंजिन मागे, समोरची हवा तिथे येतच नाही, ट्रॅफिकमध्ये तो नुसता शोभेला.

तुला खरी मजा येईल ती क्रँकच्या एंड प्लेमध्ये, म्हणजे क्रँक पुढे-मागे किती हलतो त्यात. फ्लायव्हीलच्या मागे तीन शिम, म्हणजे पातळ चकत्या, बसतात, तीनच, कमी नाही जास्त नाही. आधी दोनच टाकायच्या, सील न लावता फ्लायव्हील आवळायचं, मोजायचा डायल लावायचा आणि फ्लायव्हील पुढे-मागे ढकलायचं. माझं आलं 0.44 मिलिमीटर. चालतं 0.07 ते 0.13, मी 0.10 धरलं, म्हणजे तिसरी शिम 0.34 ची. ती टाकून, सील बसवून परत आवळलं आणि डायलचा काटा बरोब्बर दहावर येऊन थांबला रे. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली छान, आणि गेली. फ्लायव्हील धरणारं ते मधलं ग्लँड नट आवळायला 35 केजीएम (किलोग्रॅम-मीटर) जोर लागतो, मी पाइप घालून जवळजवळ लोंबकळतच होतो.

इंजिनाची केस, म्हणजे क्रँकभोवतीचं कवच, मॅग्नेशियमची आहे, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्शाने हलकी पण मऊ. हेड आणि बॅरल तापून वाढले की त्यांना केसला आवळणारे लांब बोल्ट, म्हणजे स्टड, ओढले जातात आणि आटे केसमधून बाहेर येतात. त्यासाठी सगळीकडे स्टीलचे इन्सर्ट मारून घेतले, आणि स्टड 10 मिलिमीटरचे न घेता 8 चेच, चांगल्या स्टीलचे, कारण बारीक स्टड थोडा ताणून घेतो. जाडा घेतला की मजबूत होईल असं वाटतं, पण तो ताणत नाही, आटेच उपटतो.

मग तीन नंबर. या इंजिनाचा तीन नंबरचा सिलिंडर कायम जास्त तापायचा, कारण जुन्या मॉडेलला ऑइल कूलर पंख्याच्या डब्यातच, बरोबर त्याच्या वाटेत उभा असायचा. कंपनीलाही ते माहीत होतं, ठिणगी वाटणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये तीन नंबरचं टायमिंग मुद्दाम थोडं मागे ठेवायचे. 1971 ला त्यांनी कूलर बाहेर काढून त्याला वेगळी वाट दिली, मी तोच नंतरचा डबा पोमोनाच्या स्वॅप मीटमधून (जुन्या पार्टच्या बाजारातून) उचललाय, गंजलेला पण सरळ.

आणि इंजिनाभोवती हवा वळवणारे पत्रे! इथले बग्गीवाले इंजिन दिसावं म्हणून सगळे पत्रे काढून टाकतात, क्रोम चमकवतात, मग बोंबलतात की गाडी तापते. आपल्या जुन्या मागच्या इंजिनाच्या बजाज रिक्षाचा पंखा आणि पत्र्याचं कव्हर आठव, ते कव्हर काढून कोण रिक्षा चालवेल का? इथेही तसंच, खालून लालभडक झालेला एक्झॉस्ट आणि टर्बो, वरून पंखा हवा ओढणार, मधे पत्रा नसेल तर तो टर्बोचीच गरम हवा परत सिलिंडरवर मारणार. म्हणून मी चारही बाजूंनी पत्रा घट्ट बसवून कडेला रबर लावलंय. दिसायला इंजिन डब्यात घातल्यासारखं दिसतं, दिसू दे.

आता तुझं काम. या इंजिनात तेल अडीच लिटर, कंपनीचा फिल्टरसुद्धा नाही, नुसती जाळी. फिल्टर, जास्तीचा संप (खालची तेलाची टाकी) आणि पंखेवाला बाहेरचा कूलर मी लावलाय. अडचण टर्बोच्या तेलाची आहे. ते टर्बोतून आपल्या वजनाने खाली पडायला हवं, पण बग्गीत टर्बो इतका खाली येतो की त्याचं ड्रेन संपमधल्या तेलाच्या पातळीखाली जातं. तेल तुंबलं की सीलमधून सायलेन्सरमध्ये आणि मागे निळा धूर. म्हणून टर्बोखाली छोटी टाकी करून तिथून पंपाने तेल परत संपला ओढायचं ठरवलंय. इथे एवढ्याशा टाकीला जे पैसे सांगतात त्यात आपलं कोल्हापूरचं जाऊन-येऊन होईल. तुझ्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) 6061 अ‍ॅल्युमिनियममधून कोरून दे, झाकण वेगळं, मधे ओ-रिंग, वर टर्बोच्या ड्रेनचा फ्लँज, खाली पंपासाठी आटे. आत कुठेही सपाट तळ ठेवू नकोस, सगळा उतार पंपाच्या भोकाकडे. ड्रॉइंग मेलवर टाकलंय, ओ-रिंगच्या खाचेची खोली मात्र तूच ठरव, आणि रिंग व्हायटनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराची, घे, साधी तिथे जळेल. मी डिसेंबरात येतोय तेव्हा बॅगेतून घेऊन जाईन, तोपर्यंत नाही झाली तर तुझ्या दुकानात बसूनच करून घेईन.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं यावेळी तांबडा-पांढरा त्यांच्या हातचाच.

तुझा,
संज्या