आधी डिस्क काढून ठेव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तो फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पुसून कोरी करायला निघालेला दुकानदार, त्याच्याकडे तुझं बंद पडलेलं कॉम्प्युटरचं मशीन दिलंस का? दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर हातातलं काम टाक आणि आधी परत आण. बाकीचं पत्र नंतर वाच.

तू फोनवर सांगितलंस की तो म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, नाहीतर फॉरमॅट मारून बघू." आता ह्यातलं काय खरं? मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड, गेला असेल तर फॉरमॅट मारून तो परत येणार आहे का? आणि ज्या मशीनला डिस्प्लेच येत नाही, त्याच्यावर हा फॉरमॅट मारणार कसा, डोळे मिटून? दोन्ही वाक्यं एका दमात बोलणाऱ्या माणसाने कॅबिनेट उघडलेलंही नसतं. (त्याच्याबद्दल मी एक शब्द सांगितला होता, तो आईने लिहिला नाही. पत्र मी सांगतोय, लिहितेय ती.)

मी स्वतःच आलो असतो. ठाण्याहून घणसोली म्हणजे ट्रान्स हार्बर लोकलने काही लांब नाही. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वाकायचं नाही आणि धुळीत तोंड घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझ्या त्या कॅबिनेटमध्ये धुळीशिवाय दुसरं काय असणार? फोनवर सांगावं तर माझं वाक्य संपायच्या आत तू "हो हो, कळलं" म्हणतेस. व्हिडिओ कॉलवर नुसता काळोख दिसतो. म्हणून पत्र. समोर ठेव आणि वाचत वाचत कर.

छोटूकडे एक पिशवी दिलीय. त्यात स्टार स्क्रूड्रायव्हर, माझा पिवळा मल्टिमीटर, एक रुंद मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, बटणासारखा एक सेल, एक पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर त्याच्या अडॅप्टरसकट आहे. मल्टिमीटर परत हवाय.

पहिलं काम डिस्कचं. मशीन काय, आज ना उद्या सुरू होईल, नाही झालं तर दुसरं जुळवू. तुझी ड्रॉइंग आणि घरचे सगळे फोटो त्या मोठ्या हार्ड डिस्कवर आहेत, ते दुकानात विकत मिळत नाहीत. प्लग भिंतीतून काढ. काढल्यावर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धर, म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल. मग डाव्या बाजूचं झाकण उघड. विंडोज छोट्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर आहे. काढायची आहे ती मोठी, जड डिस्क. तिला दोन केबल आहेत, एक चपटी डेटाची आणि एक पॉवरची. दोन्ही सरळ ओढून काढ, वाकवू नकोस. चार स्क्रू काढलेस की डिस्क हातात येईल. ती एकदा बाहेर आली की पुढे तू, मी किंवा तो दुकानदार कितीही खटपट केली तरी तुझ्या कामाला धक्का लागत नाही.

मग मैत्रिणीचा लॅपटॉप घे आणि कन्व्हर्टरने डिस्क जोड. अडॅप्टर लावल्याशिवाय ही डिस्क फिरणार नाही. तिला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५च येतात. आता नीट ऐक. लॅपटॉपने "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?" असं विचारलं तर कॅन्सल दाब. तो प्रश्न फार साळसूदपणे येतो आणि माणसं सवयीने होकार देऊन बसतात. फायली दिसल्या तर आधी ड्रॉइंग उतरवून घे, मग फोटो. गाणी-सिनेमे राहिले तर राहू देत. डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज यायला लागला तर त्याच क्षणी बंद कर आणि मला कळव. आत वाचणारा दांडा अडखळतोय असा त्याचा अर्थ असतो, चालवत राहिलीस तर उरलेलंही जाईल. इंटरनेटवर सगळे सांगतात की चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, चालवा. चालवायची, पण कॉपी झाल्यावर. मरायला टेकलेल्या डिस्कला दुरुस्तीच्या नावाखाली तासन्‌तास पळवण्यात काही शहाणपण नाही.

हे झालं की मशीनकडे वळ.

आमच्या कंपनीत रबाळ्याला एखाद्या प्रेशरचा आकडा कंट्रोल रूममध्ये दिसेनासा झाला की नवी पोरं थेट मीटर बदलायला धावायची. आम्ही लूप, म्हणजे सिग्नलची सगळी वाट, चेक करायचो. प्रेशर मोजून पाठवणाऱ्या ट्रान्समीटरमधून सिग्नल निघतोय का, जंक्शन बॉक्सपर्यंत पोचतोय का, पॅनेलमध्ये येतोय का? जिथे येत नाही त्याच्या अलीकडे-पलीकडेच बिघाड. कॉम्प्युटर सुरू होतानाही असाच क्रम असतो. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वीज देतो, प्रोसेसर जागा होतो, बायॉस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, तपासतं, मग पडद्यावर चित्र येतं, त्यानंतर डिस्क शोधली जाते आणि विंडोजचा नंबर लागतो तो सगळ्यात शेवटी. तुझ्याकडे पंखे फिरतायत, लाइट लागतोय, पण चित्र नाही. म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही. विंडोज उडालीय हे म्हणणं इथेच बाद.

एक तपासणी झाकण न उघडता होते. मशीन चालू कर, मिनिटभर थांब आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाब. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर आणि रॅम जिवंत आहेत. मग मॉनिटर, त्याची केबल किंवा ग्राफिक्स कार्ड बघायचं. केबल कार्डात लावलेली असायला हवी, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात नाही. घर बदलताना ती चुकीच्या जागी जाते. दिवा ढिम्म असेल, आणि माझा अंदाज आहे की असेलच, तर रॅम.

रॅमच का म्हणतोय? कारण गेला आठवडाभर तुला विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा येत होता आणि प्रत्येक वेळी त्यावर वेगळं नाव होतं. ड्रायव्हर बिघडला की सहसा तेच ते नाव येतं. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा भलतंच काहीतरी, असं झालं की पहिला संशय रॅमवर घ्यावा. त्यात तुझी खोली खाडीच्या बाजूला, पावसाळाभर खिडकी उघडी. त्या हवेत खिडकीच्या कड्या हिरव्या होतात, तर रॅमच्या पट्ट्या कशा सुटतील?

पुन्हा प्लग काढ, बटण दाबून धर. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरेल. प्रोसेसरच्या पंख्याशेजारी दोन उभ्या पट्ट्या दिसतील, त्या रॅम. टोकाला चिमट्यासारखे खटके आहेत ते बाहेर दाबलेस की पट्टी वर येते. पट्टी कडेने धर. खालच्या काठावर सोनेरी दात आहेत ते उजेडात तिरपे करून बघ. चांगले असतील तर पिवळे चकाकतील, नाहीतर काही दातांवर तपकिरी, धुरकट साय दिसेल. पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने पुस. शाईचा खरखरीत खोडरबर नको, तो सोन्याचा मुलामाच काढतो. रबराचा कीस ब्रशने पूर्ण झाड, एक कणही खाचेत जाता कामा नये. खाचेवरूनही कोरडा ब्रश फिरव. फुंकर मारू नकोस, तोंडातून ओल जाते.

मग एकच पट्टी बसव. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खाचेत. मधली फट जुळव आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाब. तुला वाटेल बोर्ड मोडेल, मोडत नाही. खटका आपोआप "टक्" करून बंद व्हायला हवा; बोटाने बंद करावा लागला तर पट्टी अर्धवट बसलीय. चालू कर आणि मिनिटभर वाट बघ, रॅम बदलली की बायॉस पहिल्यांदा वेळ घेतं. चित्र आलं तर उत्तम. नाही आलं तर ती काढून दुसरी लाव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम पुसली, सेल बदलला आणि केबलही हलवली, असं सगळं एकदम केलंस तर मशीन सुरू होईल, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हीच रड.

एकाही पट्टीवर चित्र आलं नाही तर तो गोल सेल. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर अडीचच्या खाली दाखवला तर बदल. तू म्हणालीस घड्याळ मागे पडतं आणि बँकेची साइट उघडत नाही, ते ह्याचंच लक्षण आहे. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला पटत नाही. सेल बदलल्यावर बायॉसच्या सेटिंग मूळपदावर जातात. तेव्हा चित्र आलं, पण विंडोजने बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळा पडदा दाखवला, तर घाबरू नकोस. बायॉसमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदललेला असतो. एएचसीआय आहे का बघ, नसेल तर तो कर. तुझ्या मशीनला मी तोच ठेवला होता.

एसएमपीएस तपासायला वेळ लागत नाही. चार पिनांचा एक मोकळा पांढरा कनेक्टर लोंबकळत असेल. मशीन चालू असताना मीटरची काळी पिन काळ्या वायरीत, लाल पिन पिवळ्या वायरीत धर. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये आकडा हवा. लाल वायरीत ४.७५ ते ५.२५. दोन पिना एकमेकींना टेकू देऊ नकोस. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आत २३० व्होल्टचे सव्वातीनशे डीसी झालेले असतात आणि कपॅसिटर ते बराच वेळ धरून ठेवतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं तू जूनमध्ये म्हणाली होतीस. ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. भिंतीवरच्या त्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी जे छोटे कपॅसिटर असतात ते गळका करंट कॅबिनेटवर सोडतात; अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर तुझ्यात. घरमालकांना सांग आणि इलेक्ट्रिशियन बोलाव. ते होईपर्यंत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून चालवू नकोस. उघड्या कॅबिनेटवर मीटर लावायचंय तेही अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच, गीझरचा पॉइंट असेल तर त्याच्यावर.

समजा चित्र आलं आणि विंडोजही उघडली. लगेच रेंडर (ड्रॉइंगवरून चित्र तयार करायचं जड काम) लावू नकोस. पेनड्राइव्हवर मेमरी तपासायचा प्रोग्रॅम टाकलाय, त्यावरून मशीन चालू कर आणि रात्रभर चालू दे. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती पट्टी वापरायची नाही. रेंडर लावल्यावर निळा पडदा न येता मशीन फटकन बंद पडत असेल तर ती वेगळी भानगड, उष्णतेची किंवा एसएमपीएसची. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत गाद्यांच्या कापसाइतकी धूळ बसली असेल. पंखा बोटाने धरून ब्रशने झाड. हीटसिंक, म्हणजे ती जाळी, काढू नकोस, तिच्याखालची पेस्ट वाळली असेल तर प्रोसेसरही उपटून येतो. ते मी आल्यावर करू.

आणि चित्र आलं पण विंडोज अर्ध्यात अडकली तर? सेफ मोडसाठी (मोजक्याच गोष्टींवर विंडोज उघडायची सोय) एफ८ दाबत बसू नकोस, विंडोज ८ पासून ते मुळात बंद असतं. लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू व्हायला अडखळली की ती आपणहून दुरुस्तीचा निळा मेनू दाखवते. तिथून सेफ मोड मिळतो, नुकतंच आलेलं अपडेटही काढता येतं. १९ जुलै २०२४ आठवतो ना? विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते तो दिवस. सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातली ८५ लाख मशीन निळी पडली. त्यांच्या हार्डवेअरला काही झालेलं नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की चालू. त्या दिवशी किती ठिकाणी उगाच फॉरमॅट मारले गेले असतील, देव जाणे.

दुकानदार अजून एक पिल्लू सोडेल, की विंडोज १० बंद झाली, आता नवं मशीनच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला हे खरं, पण म्हणून मशीन सुरू व्हायचं थांबत नाही. ११ चालेल का, बोर्डात त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे का, ते आपण नंतर बघू.

रॅमच गेली असेल तर नवी लगेच विकत घेऊ नकोस. बिल लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचं आहे, त्याचा फोटो छोटूच्या फोनमध्ये टाकलाय. रॅमवर बरीच वर्षं वॉरंटी असते, आधी ती बघ. घ्यायचीच झाली तर जुनी पट्टी सोबत ने आणि डीडीआर४ ह्या पिढीची रॅम माग. डीडीआर३ ची फट वेगळ्या जागी असते, ती बसणार नाही. कोणी काही बदलून दिलं तर काढलेला भाग परत मागून घे.

दुपारी फोन करू नकोस, थेंब घालून डोळे मिटून पडलेला असतो. सातनंतर कर. आणि कॅप्स लॉकचा दिवा लागला की नाही, ते पहिल्या वाक्यात सांग.

तुझा,
बाबा