सुटे भाग स्प्रूवरून तोडू नका

महोदय,

मोटारींच्या स्केल मॉडेलचे अर्धवट किट दुसऱ्याला देताना अनेकजण सगळे भाग स्प्रूवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) तोडून एकाच पिशवीत कोंबतात. कृपया तसे करू नये. भागाचा क्रमांक सहसा भागावर नसतो, शेजारच्या स्प्रूच्या पट्टीवर असतो. पट्टी गेली की ओळख गेली.

मग भाग कोणत्या किटचा हे ओळखायला उरते मोजमाप. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) २५०० मिमी असेल, तर १/२४ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये तो १०४.२ मिमी भरतो आणि १/२५ मध्ये १०० मिमी. एवढ्या फरकाने चासी बॉडीत बसत नाही. चासीखाली कोरलेल्या सालावरही विसंबू नये. ते बहुधा साच्याचे असते, किट त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेले असू शकते.

सर्वांत जास्त नासधूस टायर करतात. त्यांच्या मऊ व्हिनाइलमधले प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य) झिरपते आणि टायरला टेकलेले पॉलिस्टायरीन, म्हणजे किटच्या भागांचे कडक प्लॅस्टिक, वितळते. पारदर्शक काचेवर टायर पडून राहिला, तर त्याच्या नक्षीचा खड्डा काचेत उतरतो. खोल असेल तर पॉलिशनेही जात नाही. असा सुटा विंडशील्ड पुन्हा मिळणे फार कठीण. म्हणून टायर वेगळ्या पिशवीत आणि काचा मऊ कागदात गुंडाळून ठेवाव्यात.

– एक वाचक