स्मिताची आठवण काढताना तिचं बाळंतपण विसरू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१३ डिसेंबर आला की आपल्या पुरवणीत स्मिता पाटीलचा फोटो हमखास असतो. तिचे डोळे, सावळा रंग, 'भूमिका' आणि 'चक्र'साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, आणि शेवटी 'अकाली निधन'. त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी हे पत्र.

अंबाजोगाई तालुक्यात उपकेंद्रावर मी नर्सबाई होते. 'जैत रे जैत' पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, बायकांच्या बाजूला खाली मातीत बसून. चिंधी झालेली स्मिता पडद्यावर आली तेव्हा शेजारच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायल्या होत्या. पदर खोचून तरातरा चालणारी, मनात येईल ते तोंडावर बोलणारी अशी बाई त्यांनी सिनेमात पाहिलीच नव्हती. गाणीही आपल्या पळसखेड्याच्या महानोरांची! पुढं 'उंबरठा' आला. त्यातली सुलभा नवरा अन् लेकीला घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी धरते. तेव्हा माझंही लेकरू सासूबाईंकडं होतं, मी क्वार्टरमध्ये एकटी. हिला पोटच्या पोराची माया नाही, असं गावात बोललं जायचं. सुलभा मान खाली न घालता घराबाहेर पडली आणि तेव्हापासून स्मिता मला माझ्या घरातली वाटत आली.

१९८६ साली ती गेली तेव्हा वय अवघं ३१. २८ नोव्हेंबरला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं आई गेली. दुपारच्या एसटीनं पेपर आला. बातमी वाचून मी आधी दिवस मोजले. पंधरा. आम्हाला बाळंतिणीला जपायला सांगतात ते हेच दिवस. मुंबईसारखं शहर, आई विद्याताई स्वतः परिचारिका, तरी तिच्यावर ही वेळ आली.

आपल्याकडं बाळंतीण माहेरी आली की सगळं घर लेकराभोवती. तिच्या डोक्याला फडकं, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी. अंग तापलं तर म्हातारी म्हणणार, "दूध उतरायलंय, होतंय तसं." शेकानं अंग गरम असतं, त्यात खरा ताप लपून जातो. म्हणून थर्मामीटर लावायच्या आधी मी शेगडी बाहेर न्यायला लावायचे आणि थोडा वेळ नुसती बसून राहायचे. अंगावरून जातं त्याला वास येतो का, हे विचारायचं तर घरातली पुरुष माणसं ओसरीवर गेल्याशिवाय पोरी तोंड उघडत नसत. लाजेपायी दोन-दोन दिवस अंगावर काढलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. सगळ्याच वाचल्या नाहीत.

आणि डिसेंबरात आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी लेकी ऊसतोडीला असतात. फडावर, कोपीत बाळंतीण झालेल्या बाईला थर्मामीटर कोण लावणार? चार दिवसांत ती पुन्हा मोळी उचलायला उभी असते.

माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी स्मिताच्या फोटोखाली एक चौकट छापा. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत थंडी वाजून ताप आला, ओटीपोटात दुखलं, अंगावरून घाण वासाचं पाणी किंवा फार रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, यातलं एक जरी झालं तरी घरी वाट पाहू नका, १०२ किंवा १०८ ला फोन करा. तिचा फोटो दिसला की आमच्या वयाच्या बाया आजही पान उलटायच्या थांबतात. सुना-लेकींची बाळंतपणं आता त्यांच्याच हातात आहेत.

'अकाली निधन' ऐवजी 'बाळंतपणानंतरच्या आजारानं गेली' असं सरळ लिहा. चौकटीचा मजकूर आपल्या भागातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. सोप्या भाषेत लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. अंबाजोगाई, जि. बीड