सुपरचार्जरच्या खडखडाटाबद्दल तक्रार, तिसऱ्यांदा

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलोय. गाडीची माहिती तुमच्याकडे आहे, ती परत देत नाही.

सुपरचार्ज्ड व्ही8, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, गाडी तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली, तिन्ही वेळा जॉबकार्डवर एकच वाक्य, "आवाज नॉर्मल". आवाज नॉर्मल नाहीये. सकाळी गाडी सुरू केली, गिअर डी मध्ये टाकला, ब्रेकवर पाय ठेवला की 600-700 आरपीएमला पुढून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि 1500 च्या वर गेलं की जातो. पुलीपासून सुपरचार्जरच्या आत फिरणाऱ्या रोटरपर्यंत ताकद नेणारं कपलिंग झिजलं की नेमकं असंच होतं, आयडलला इंजिनचे झटके त्या ढिल्या जागेत आपटतात. हे मी तिन्ही वेळा सांगितलं.

आता गेल्या शनिवारचं ऐका. ॲडव्हायजर बॉनेटसुद्धा न उघडता मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "काका, सुपरचार्जर आहे, आवाज येणारच." मी म्हटलं अरे बाळा, सुपरचार्जरची शीळ वेगळी, ती आरपीएमबरोबर चढत जाते, ती ऐकायला तर मी ही गाडी घेतली, हा आवाज उलटा आहे, रेव्ह वाढले की जातो. तर म्हणे, "काका, याआधी कधी स्पोर्ट्स कार चालवलीय का?" चार लोकांसमोर, माझी मुलगी शेजारी उभी होती. मी 31 वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, गिअर आणि कपलिंग याच हातांनी बसवलीत, आणि हा मुलगा बॉनेट न उघडता मला विचारतो गाडी चालवलीय का! मग पेट्रोल बदलून बघा म्हणाला. 95 ऑक्टेनच्या खाली मी कधी भरलेलं नाही, बिलं आहेत. शेवटी म्हणाला की घाटात जोरात चालवू नका. मग ही गाडी चालवायची कुठे?

घाटाचंही सांगतो. मे महिन्यात खंडाळ्याच्या चढावर पिवळी वॉर्निंग आली आणि पॉवर एकदम पडली, मागे ट्रक, शेजारी बायको. सुपरचार्जरने तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचं पाणी फिरवणारा पंप दमला की आत जाणारी हवा तापते, मग कॉम्प्युटर इग्निशनची ठिणगी उशिरा पाडतो आणि पॉवर कापतो, म्हणून तो पंप तपासा असं लिहून दिलं होतं. तुम्ही फॉल्ट कोड पुसून गाडी परत दिली. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे हो.

टर्बोसारखी वाट न बघता पाय दाबल्या दाबल्या गाडी झेपावते, कारण सुपरचार्जर पट्ट्यावर थेट क्रँकला जोडलेला, यासाठीच मी तुमच्या गाडीवर जीव टाकला. 1930 साली ब्रिटिश रेसर बर्किनने ब्लोअर बेंटली, म्हणजे सुपरचार्जरवाली बेंटली, फ्रान्समधे पो गावच्या शर्यतीत बुगाटींच्या गर्दीत दुसरी आणली होती. ती गाडी तुमची नव्हे पण देश तोच, ब्रिटन, तिथल्या इंजिनिअरांना सुपरचार्जर तेव्हापासून कळतो आणि तुमच्या माणसाला त्याची शीळ आणि खडखड यातला फरक कळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वॉरंटीचे दोन महिने उरलेत. तेवढे दिवस ढकलायचे आहेत का?

मला एवढंच हवंय, माझ्यासमोर इंजिन बंद करून पट्टा काढा, पुली हाताने मागेपुढे हलवा, ढिलेपणा हाताला कळेल, दहा मिनिटांचं काम आहे. कपलिंग आणि पंप वॉरंटीत बदला. आणि आवाज नॉर्मलच असेल तर तसं तुमच्या टेक्निकल हेडच्या सहीने लेटरहेडवर द्या. 15 दिवसांत यातलं काहीच झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि गाडीची किंमत 50 लाखांच्या वर, 2 कोटींच्या आत असल्यामुळे थेट राज्य ग्राहक आयोगात केस. आवाजाचे व्हिडिओ तारखांसकट ठेवलेत.

आणि त्या मुलाने माझ्या मुलीसमोर माझी माफी मागायची. हे पंधरा दिवसांत नको, याच आठवड्यात हवंय.