झिरो हललेल्या स्कोपबद्दल सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीचा झिरो हललाय, म्हणजे स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) नेम धरला तिथे छरा पडत नाही, असं तू लिहिलंस. सगळ्यात आधी टरेटवरचा, म्हणजे स्कोपवरच्या नेम जुळवायच्या चाकांवरचा, हात काढ. छरा उजवीकडे गेला की चार क्लिक (टरेटचे टप्पे) डावीकडे, मग खाली पडला की सहा क्लिक वर, असं तू पाच-सहा वेळा केलंस. त्यामुळे मूळ बिघाड किती आणि त्यात तुझी भर किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. टरेट आहे तिथेच राहू दे, त्यावरचे आकडे वहीत लिहून ठेव.

झिरो गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी ठरवायला हवं. १० मीटरवर, वारा नसेल अशा जागी, नेहमीच्याच डब्यातले छरे घेऊन पाच-पाच छऱ्यांचे तीन ग्रुप मार. प्रत्येक ग्रुपला नवा कागद लाव आणि छरा कुठेही पडला तरी नेम मध्यावरच धर. ग्रुप पूर्वीसारखाच घट्ट पण भलत्या जागी असेल, तर काहीतरी एकदा सरकून तिथेच बसलंय. ग्रुप एकाच दिशेने हळूहळू चालत असेल, तर माऊंट, म्हणजे स्कोपची रायफलीवरची बैठक, सरकतोय असं समज. छरे दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत असतील, तर कुठलातरी भाग दोन जागांमध्ये उड्या मारतोय. बहुधा तो स्कोपच्या आत असतो किंवा रायफलीच्या नळीच्या सांध्यात. सगळंच विस्कटलं असेल, तर स्कोपवर आळ घेण्याआधी छरे, स्क्रू आणि पकड बघ.

आता स्क्रू. रायफल रिकामी आहे याची खात्री करून स्टॉकच्या (दस्त्याच्या) स्क्रूंपासून सुरुवात कर. तुझ्यासारख्या, नळी सांध्यात मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलीत साधारणपणे पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन असतात. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सैल होतात आणि लोक मात्र स्कोप बदलून मोकळे होतात. स्क्रू काढ, आटे पुसून कोरडे कर, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लाव आणि बसव. लाल लावू नकोस, तो उष्णता दिल्याशिवाय सहसा सुटत नाही. मग नळी बंद करून तोंडाशी धर आणि डावी-उजवीकडे दाब. किंचितही खेळ जाणवला तर सांध्याचा बोल्ट सैल आहे. स्कोप रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या मुख्य भागावर, बसतो आणि छरा नळीतून जातो. या दोघांतलं नातं प्रत्येक वेळी नळी मोडताना बदलत असेल, तर उत्तम स्कोपही बिचारा काय करणार?

माऊंटवर जरा जास्त वेळ घाल. स्प्रिंग रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते आणि तो सिलिंडरच्या टोकाशी थांबतो तेव्हा रायफल पुढे उसळते. या दुसऱ्या झटक्यात स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजेच रायफलीच्या मानाने मागे घसरतो. म्हणून स्टॉप पिन (माऊंटला अडवणारी खुंटी) मागच्या माऊंटला हवी आणि ती रिसीव्हरवरच्या भोकात उतरलेली हवी. भोक नसेल तर माऊंटची मागची कड रेलवरच्या (माऊंट बसतो त्या खाचेच्या पट्टीवरच्या) अडथळ्याला टेकलेली हवी. पिन भोकाच्या तळाला टेकून माऊंटला वर उचलत असेल, तर जबडे खाचेत नीट बसत नाहीत. मग कितीही आवळ, उपयोग नाही.

११ मिमीची खाच आणि माऊंटचे जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण कोरडे पूस. तेलाचा पुसटसा थर असला तरी माऊंट घसरतो. खालचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळ. रिंगचे, म्हणजे स्कोपभोवतीच्या कड्यांचे, वरचे स्क्रू कर्णरेषेत घे आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेव. माऊंटसोबत टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा आला असेल तर तोच पाळ. नसेल तर रिंगला १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, पुरे होतात. जास्त जोर लावलास तर स्कोपची ट्यूब चेपते आणि आतली हलणारी नळी अडखळते. शेवटी माऊंट आणि रेल यांच्यावरून एक, रिंग आणि ट्यूब यांच्यावरून दुसरी, अशा बारीक पेन्सिलीने रेघा ओढ. वीस छऱ्यांनंतर कुठली रेघ तुटली ते बघितलंस की काय सरकतंय ते लगेच कळेल.

आता तू विचारलेला खरा प्रश्न: वरचा टरेट जवळजवळ संपत आलाय, चालेल का? चालणार नाही, आणि मला वाटतं तुझं दुखणं इथेच आहे. स्कोपच्या आत एक छोटी नळी असते. टरेटचे स्क्रू तिला एका बाजूने दाबतात आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर टेकवून धरते. 'वर' फिरवत गेलास की स्क्रू मागे सरतो आणि स्प्रिंगचा ताण कमी होतो. शेवटच्या टोकाला ती इतकी ढिली पडते की प्रत्येक धक्क्याने नळी डोलते. मोडून भरायच्या बऱ्याच रायफलींची स्वतःची नळी किंचित खाली झुकलेली असते, म्हणून माणूस क्लिक वर घेत जातो आणि या सापळ्यात अडकतो.

यावर उपाय असा. दोन्ही टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरव, जबरदस्ती न करता, आणि बरोबर अर्ध्यावर आण. मग एक ग्रुप मार. छरे खाली पडतील. ती उणीव आता माऊंटने भरून काढायची. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल, तर मागच्या रिंगमध्ये ट्यूबखाली ०.१ मिमीची पट्टी घातल्यावर २५ मीटरवर मारा २५ मिमी वर येतो, १० मीटरवर १० मिमी. जुन्या कॅमेरा फिल्मचा तुकडा यासाठी छान चालतो. पण दोनापेक्षा जास्त तुकडे नकोत, ट्यूब वाकते. उणीव त्याहून मोठी असेल तर मागून उंच असलेला, झुकाव भरून काढणारा माऊंट घे.

हे सगळं करूनही ग्रुप उड्या मारत असेल, तर स्कोपची परीक्षा घे. २५ मीटरवर पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे साधारण १.८ मिमी. तीन छरे मार, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक थांब्यावर तीन छरे. नेम मात्र एकाच बिंदूवर. साधारण ३६ मिमी बाजूचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटचे छरे पहिल्या तिघांवरच पडायला हवेत. चौकोन वाकडा आला किंवा छरे परतलेच नाहीत, तर स्कोप आतून गेलाय. काडतुसाच्या बंदुकीचा स्कोप प्रामुख्याने मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो. स्प्रिंग रायफलीवर असे कित्येक महागडे स्कोपही टिकत नाहीत, म्हणून 'एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलाच घे. पक्की खात्री हवी असेल तर चांगला चालणारा दुसरा स्कोप याच माऊंटवर चढवून बघ.

पॅरालॅक्सचंही, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर (नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकते त्याचंही, बघ. १०० यार्डांवर जुळवलेल्या ४० मिमी भिंगाच्या स्कोपमध्ये डोळा पार कडेला गेला, तर १० मीटरवर दीड सेंटीमीटरच्या वर चूक होऊ शकते. रायफल टेक्यावर ठेवून डोकं जरा हलव. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकली तर स्कोपच्या पुढच्या भिंगाभोवतीची अंतर जुळवायची रिंग १० मीटरवर आण. अशी रिंग नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी टेकव.

पकड घट्ट आवळू नकोस. पुढच्या हाताचा तळवा मोकळा, आणि रायफल दर वेळी त्याच बिंदूवर टेकलेली. कडक टेबलावर ठेवून मारलंस तर मारा हमखास वेगळीकडे जातो. छऱ्यांचा डबा बदलला असेल तर तेही लिही. वजन तेच असलं तरी ४.५० आणि ४.५२ मिमी डोक्याचे छरे वेगळ्या जागी पडू शकतात. नळी नुकतीच साफ केली असेल, तर पहिले काही छरे हिशेबात धरू नकोस.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक बदलानंतरचा कागद तारीख घालून ठेव. मला आधी दोनच गोष्टी कळव: वरच्या टरेटला टोकापासून टोकापर्यंत एकूण किती क्लिक आहेत, आणि वीस छऱ्यांनंतर पेन्सिलीची कुठली रेघ तुटली.

तुझा,
अविनाश