हत्तीरोगाची तपासणी-पट्टी दवाखान्यातही हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम लागली की आमच्या भागात आशाताईंना दारोदारी एकच उत्तर मिळतं : "मले काही झालंच नाही, त गोळी कायले खाऊ?" मला या माणसांचा राग येत नाही. हत्तीरोगाचा जंत अंगात वर्षानुवर्षं राहतो, पाय मात्र बरेचदा खूप उशिरा सुजतो. आणि एकदा पाय हत्तीसारखा झाला की गोळीने तो पूर्ववत होत नाही.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. नोकरीतली कितीतरी वर्षं रात्री रक्त गोळा करण्यात गेली. या जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान अंगभर रक्तात उतरतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. ही लबाडी पॅट्रिक मॅन्सनने १८७९च्या सुमारास चीनमध्ये ओळखली. तेव्हापासून आम्ही आपले टॉर्च आणि काचपट्ट्या घेऊन रात्रीचे फिरतो आहोत. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला अकरा वाजता उठवून बोटाला सुई टोचायची, वर कुत्री अंगावर. शिव्या खाल्ल्या त्या योग्यच होत्या.

आता यावर उपाय आहे. बोटातलं ७५ मायक्रोलिटर रक्त तपासणीच्या पट्टीवर टाकायचं, जंत असला तर दहा मिनिटांत रेघ दिसते. ही पट्टी पिल्लं शोधत नाही, मोठा जंत रक्तात जो पदार्थ सोडतो तो, म्हणजे अँटिजेन, पकडते. त्यामुळे सकाळी दहा वाजताही चालते. (बरोबर दहाव्या मिनिटाला वाचावी लागते. उशीर केला तर नसलेली रेघही उमटू शकते. घाईत असलेल्यांनी आणि चहाला जाणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावं.) केरळच्या काही भागांत आढळणारा हत्तीरोगाचा दुसरा जंत, ब्रुगिया, तिला सापडत नाही, पण आपल्याकडचा वुचेरेरिया सापडतो.

मग अडचण काय? ही पट्टी आपल्याकडे मुख्यतः सर्वेक्षणात दिसते. गोळ्यांच्या फेऱ्या थांबवायच्या का, हे ठरवताना सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते, कारण एवढ्या लहान मुलात जंत सापडला तर लागण ताजी आहे. ते योग्यच. पण वारंवार ताप आणि जांघेत गाठ घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या पस्तिशीच्या मजुराला आम्ही "रात्री या" म्हणत होतो. तो कशाला येतो! आशाताईच्या पिशवीत मलेरियाचं कीट असतं, तशी ही पट्टी निदान केंद्रात तरी असावी. रेघ आली तर डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाचा बारा दिवसांचा उपचार तिथेच सुरू करता येईल. शिवाय स्वतःच्या रक्तातली रेघ डोळ्यांनी पाहिलेला माणूस गोळी खिशात टाकून घरी नेणार नाही, असा माझा अनुभवावरचा अंदाज.

पट्टी म्हणजे सगळं काही नव्हे, हेही सांगतो. उपचारानंतर पिल्लं गेली तरी अँटिजेन बराच काळ रक्तात राहू शकतो. त्यामुळे रोगी बरा झाला का, हे तिच्यावरून ठरवू नये. त्यासाठी रात्रीची काचपट्टीच लागेल. पाय सुजलेल्या जुन्या रोग्यात तर जंत कधीच मेलेला असू शकतो.

शेवटची गोष्ट उन्हाची. या पट्टीला फ्रिज लागत नाही, ३७ अंशांपर्यंत ती टिकते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उपकेंद्रात पंखासुद्धा धड चालत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं काम केलेलं आहे. आमच्या उन्हात टिकणारी पट्टी करण्याचं काम त्याच मातीतल्या संशोधकांनी हाती घ्यावं, आणि शासनाने त्यासाठी पैसा द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. भंडारा